थंडी मागून येते

वहिनींनी सातव्या हायनेकचे शेवटचे टाके बंद केले, लोकर कात्रीने तोडली आणि गळा दोन्ही हातांच्या बोटांत धरून ताणून पाहिला. सोडल्याबरोबर तो चटकन मिटला. एक उलटा, एक सुलटा, दुहेरी विणीचा, हनुवटीला टेकेल एवढा उंच. असा गळा बाजारात शोधून सापडायचा नाही, आणि हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. खोटी नम्रता त्यांच्या स्वभावात कधीच नव्हती.

त्यांना सगळं दुकान वहिनी म्हणायचं, म्हणून आपणही तेच म्हणू. दुकान कपड्यांचं, तीन मजली, आणि तिथल्या हिवाळी काउंटरवर त्यांचे यजमान एकतीस वर्षं उभे होते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते कडक इस्त्रीच्या कोटात आले आणि मालक बिचारे साध्या स्वेटरमध्ये. एका गिऱ्हाइकाने यांनाच मालक समजून आखूड निघालेल्या बाह्यांबद्दल फैलावर घेतलं. त्या दिवशी त्यांना टिपटॉप हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि टिपटॉपची बायको, ती वहिनी. दरवाज्यावरचा पहारेकरी वहिनींपेक्षा बारा वर्षांनी मोठा होता, तोही वहिनीच म्हणायचा.

या टिपटॉपचं साऱ्या जगात एकाच वस्तूशी हाडवैर होतं. हायनेक स्वेटरशी. कुणी मागितला तर ते काढून देत, पण दोन बोटांनी, जणू कुणाचा रुमाल उचलतायत. मग हळूच म्हणत, "घ्या की. पण आधी एक सांगू?" आणि गिऱ्हाईक हो म्हणायच्या आत त्यांचं भाषण सुरू होई.

"थंडी पुढून येत नाही. थंडी मागून येते. मानेच्या मागून, मनगटातून आणि घोट्यातून. ही तीन दारं लावून घ्या आणि गळा खुशाल मोकळा ठेवा. माणूस गळ्यापासून दिसायला लागतो, तोच झाकलात तर उरलं काय?"

बोलता बोलता त्यांचे हात चालू असत. आत अंगाबरोबर बसणारा पातळ सुती सदरा, वर बिनबाह्यांचं जाकीट, कोटाची कॉलर मागून चार बोटं उभी, आणि स्कार्फची त्रिकोणी घडी अशी की टोक पुढे सैल आणि गाठ मागे घट्ट. पाच मिनिटांत माणसाला ऊबही यायची आणि आरशात बघायची हौसही. एका हायनेकच्या जागी चार वस्तू खपत, त्यामुळे मालकांचीही तक्रार नसे.

रोज सकाळी हाच प्रयोग घरी वहिनींवर व्हायचा. "अगं, ही शाल नको, हिरवी घे." "ती पिन सरळ कर." "आज बाह्या दुमडू नकोस." वहिनी वैतागायच्या. "मी काय तुमच्या काचेतला पुतळा आहे का?" म्हणत शाल बदलायच्या. बदलायच्या मात्र रोज.

मग एके वर्षी टिपटॉपचा घसा बसला. बोलून बोलून बसला असेल, असं सगळेच म्हणाले. तो उठलाच नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आवाजाची पेटी मुळापासून काढून टाकली. जीव वाचला. आता ते मानेच्या पायथ्याशी, दोन हाडांच्या मधे केलेल्या कोटाच्या बटणाएवढ्या भोकातून श्वास घेत. ओठ हलत, जीभ हलत असे, पण आवाज म्हणून काही उरलं नव्हतं.

इस्पितळाने एक यंत्र दिलं होतं. हातातल्या विजेरीएवढं. ते हनुवटीखाली कातडीला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, म्हणजे त्याच्या गुणगुणीचे शब्द होतात. पण जागा नेमकी हवी. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी ते यंत्र त्यांच्या गालावर, मानेवर अर्धा तास फिरवलं, तेव्हा कुठे डावीकडे, हनुवटीच्या बोटभर खाली ती जागा सापडली. बाईंनी तिथे पेनाने बारीक फुली मारली. टिपटॉपनी फुलीवर यंत्र टेकवलं, वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ."

ना चढ, ना उतार. डब्यात कोंडलेल्या भुंग्याने बोलावं तसा आवाज. एकतीस वर्षं ज्याच्या आवाजाने शहरातल्या बायकांना शाली बदलायला लावल्या होत्या, त्या माणसाच्या तोंडून.

वहिनी "आलेच हं" म्हणून बाहेर पडल्या आणि व्हरांड्याच्या खिडकीशी उभं राहून पोटभर रडल्या. तोंड धुऊन परतल्या तेव्हा यंत्र पेटीत बंद झालं होतं. टिपटॉपनी सगळं ओळखलं होतं. माणसाचा चेहरा वाचण्यावरच तर त्यांचं पोट चाललं होतं.

घरी त्या यंत्राला भुंगा नाव पडलं आणि भुंगा कपाटाच्या खणात गेला. त्याचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. वहिनी ओठ वाचायला शिकल्या, आणि दोन महिन्यांत अशा तरबेज झाल्या की ते वाक्याच्या मध्यावर असताना वहिनींचं उत्तर तयार असायचं. दूधवाला, शेजारी, डॉक्टर, सगळ्यांशी त्यांच्या वतीने वहिनीच बोलत. "हे म्हणतायत, बरं आहे." "हे म्हणतायत, उद्या या." खिशात एक छोटी वही असायची, पण ती क्वचितच बाहेर निघे. समोरच्याला ताटकळत ठेवून लिहीत बसणं टिपटॉपना कमीपणाचं वाटायचं. शिवाय गरजच काय होती? वहिनी होत्या ना.

थंडी पडू लागली तशी वहिनींना नवी काळजी लागली. भोकाला गार हवा सोसत नाही. स्कार्फ सरकतो. शिवाय लोकांच्या नजरा आधी तिथेच जातात, हे वहिनी मनात म्हणत, मोठ्याने नाही. म्हणून त्यांनी डोकं लढवून एक हायनेक विणला. दुहेरी विणीच्या आत श्वासासाठी चीर, चिरेवर मऊ सुती कापडाचा पडदा, म्हणजे लोकरीची कुसं आत जायला नकोत, आणि बाहेरून कुणाला काही कळायला नको. इस्पितळातल्या नर्सने तोंडात बोट घातलं.

टिपटॉप तो घालून बराच वेळ आरशासमोर उभे राहिले. मग वहिनींकडे वळून ओठ हलवले, "छान विणलायस." ते खरंच होतं. विणीबद्दल ते कधी खोटं बोलले नसते. आवडला असं काही ते म्हणाले नाहीत, पण एवढं बारीक ऐकण्याच्या मनःस्थितीत वहिनी नव्हत्या. त्यांनी दुसरा घातला सुयांवर. मग तिसरा.

टिपटॉप कामावर परतले, पण काउंटरवर नाही. जुने मालक आता नव्हते, त्यांची मुलगी दुकान बघायची. मालकीणबाई मनाने चांगल्या. त्यांनी टिपटॉपना मागच्या कोठीत बसवलं. येणाऱ्या मालाच्या घड्या घालायच्या, किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या. बोलायचं काम नाही, दगदग नाही. एकतीस वर्षं आरशांच्या मधे उभा राहिलेला माणूस आता खोक्यांच्या मधे बसू लागला.

त्या दिवशी वहिनी डबा घेऊन कोठीत आल्या होत्या आणि मालकीणबाईही काही कामाने तिथे आल्या. टिपटॉपच्या अंगातल्या स्वेटरवर त्यांची नजर खिळली. त्यांनी गळा चिमटीत धरून पाहिला.

"वहिनी, हा तुम्ही विणलात? मला असे चाळीस हवेत. यंदा काचेतल्या सगळ्या पुतळ्यांना हेच घालायचं."

वहिनींचे गाल लाल झाले. आजवर त्यांची वीण घराबाहेर गेली नव्हती. मग मालकीणबाई टिपटॉपकडे वळल्या. "आणि तुमचं कसं चाललंय? काही हवं असेल तर मोकळेपणाने सांगा हं."

टिपटॉपनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. ओठ सावकाश, स्वच्छ हलवले. "मला माझा काउंटर हवाय."

मालकीणबाईंनी सवयीने वहिनींकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

वहिनींना एका क्षणात सगळं दिसलं. काउंटरपुढची गर्दी, तो भुंग्याचा आवाज, वळून बघणाऱ्या माना, त्या आवाजाची नक्कल करत आईच्या मागे लपणारं एखादं पोर. आणि मधे हे, कडक इस्त्रीत.

"म्हणतायत, मागेच बरं आहे," वहिनी म्हणाल्या. "गर्दी नको वाटते."

"अगदी बरोबर," मालकीणबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

टिपटॉपनी वहिनींकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं गिऱ्हाईक न शोभणारा रंग घेऊन आनंदाने निघालं की ते जसे बघत राहायचे, तसं. वही त्यांच्या खिशातच होती. दोन ओळी खरडल्या असत्या तर काम झालं असतं. पण बायकोला मालकिणीपुढे खोटं पाडणारा तो माणूस नव्हता. त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली.

वहिनींनी स्वतःची समजूत घातली की हे त्यांच्या भल्यासाठीच. समजूत चांगली बसली, आणि रविवारपर्यंत टिकली.

रविवारी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. वहिनींनी नेहमीप्रमाणे फोन कानाला लावला आणि दोघांच्या वतीने बोलायला सुरुवात केली. "हो, बाबा बरे आहेत. बाबा म्हणतायत, थंडी आहे, जपून राहा. वेळेवर जेव म्हणतायत."

मग लेक म्हणाली, "आई, हे बाबा म्हणतायत की तू?"

"अगं, तेच म्हणतायत."

"बाबांनी मला आयुष्यात कधी जपून राहा म्हटलेलं नाही. बाबा पहिल्यांदा विचारतात, आज काय घातलंयस. पाच महिने झाले, मला कुणी विचारलं नाही आई."

वहिनींनी मान वळवली. टिपटॉप खुर्चीत बसून लेकीचा फोटो पुसत होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. मघापासून मिटलेलेच होते. वहिनींनी त्यांच्याकडे एकदा बघितलंसुद्धा नव्हतं.

लेकीचं ते बोलणं वहिनींच्या डोक्यातून जाईना. पण चाळीसांची ऑर्डर होती, हात थांबवून चालणार नव्हतं. बुधवारी पहिले सहा स्वेटर घेऊन त्या दुकानात निघाल्या. उशीर झाला होता, चालता चालताच अंगातल्या उघड्या स्वेटरची बटणं लावली आणि धावत बस पकडली. बसमधे, दारात, जिन्यावर, मालकीणबाईंसकट कितीतरी माणसं भेटली. सगळी गोड हसली.

हिवाळी काउंटरवर एक नवी विक्रेती होती. हुशार होती, पण पाठ केलेलं बोलायची. वहिनींच्या हातून गठ्ठा घेत ती हसून म्हणाली, "वहिनी, मागे कोठीत जेवणाच्या सुट्टीत रोज कोण दाढी करतं हो? दार लावून घेतात आणि मशीनचा आवाज येतो घूं घूं."

"कुणास ठाऊक," वहिनी म्हणाल्या. त्यांचं लक्ष काचेतल्या पुतळ्यांकडे होतं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आल्या. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काम करायच्या. आल्या आल्याच सांगू लागल्या, "सोमवारपासून मला बाहेर चौकशीच्या टेबलावर बसायचंय. उघड्यावर. पहाटेचा वारा नुसता कापतो तिथे. पण माणसांसमोर बसायचं म्हणजे पोतं गुंडाळून बसता येत नाही. बढती आहे ना."

नव्या विक्रेतीने तत्परतेने वहिनींचा हायनेक पुढे केला. बाईंनी तो घातला आणि आरशात पाहता पाहता दोन बोटं गळ्यात घालून तो ओढला. "स्वेटर सुंदर आहे. पण माझा जीव घुसमटतो. लहानपणापासून. गळ्याशी काही आलं की मला बोलताच येत नाही, आणि मला तर दिवसभर बोलायचंय."

"सवय होईल," विक्रेती म्हणाली.

टिपटॉप मागून खोकं घेऊन येत होते. ते थबकले. त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि वहिनींनी पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सरळ झालेले पाहिले. ते काउंटरमागे गेले. बाईंना खुणेनेच हायनेक काढायला लावला. पातळ सुती सदरा, गडद निळं जाकीट, करडा कोट. कॉलर मागून चार बोटं उभी केली. स्कार्फची घडी घालून टोक पुढे सोडलं, गाठ मागे मारली. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि नकळत त्यांनी मान उंच केली.

"अहो, पण पुढून सगळं उघडंच आहे," त्या टिपटॉपना म्हणाल्या. "यात ऊब कशी राहील?"

टिपटॉपच्या आवडीचा प्रश्न. त्यांनी तोंड उघडलं. विक्रेतीने वहिनींकडे पाहिलं. बाईंनीही तिच्या नजरेमागोमाग वहिनींकडे पाहिलं. आणि टिपटॉपनी, वहिनी काही बोलायच्या आत, एक हात वर करून त्यांना थांबवलं. दुसरा हात कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि भुंगा बाहेर काढला.

भुंगा खणात नव्हता. भुंगा त्यांच्या खिशात होता. वहिनींच्या डोक्यात एकदम लख्ख झालं की जेवणाच्या सुट्टीत दार लावून दाढी कोण करत होतं.

टिपटॉप एका हाताने गळा खाली ओढू लागले. पण तो वहिनींनी विणलेला गळा होता. जरा सुटला की मिटायचा. त्यांनी दोनदा ओढला, दोनदा तो हनुवटीपर्यंत परत आला. शेवटी त्यांनी भुंगा लोकरीवरूनच दाबला आणि ओठ हलवले. नुसतीच घूं घूं झाली. एकही शब्द उमटला नाही.

"तुमचा फोन वाजतोय का?" बाईंनी साधेपणाने विचारलं.

टिपटॉपनी भुंगा खिशात ठेवला. बाईंपुढे किंचित मान झुकवली, दुकानाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, आणि कोठीत निघून गेले. दार लागलं.

वहिनींना स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली. इतके दिवस आपण त्यांना ऊब दिली म्हणून मिरवतोय, आणि फुली होती नेमकी तिथे, डावीकडे, हनुवटीच्या बोटभर खाली, आपण दुहेरी वीण घालून ठेवलीय. सात वेळा. दर स्वेटरला मापं घेऊन. हे चुकून झालं असं स्वतःला सांगायला त्या एरवी तयार झाल्या असत्या. पण त्यांना तो व्हरांडा आठवला. त्यांना तो आवाज ऐकायचा नव्हता, आणि हे टिपटॉपना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी हायनेक घातले होते ते थंडीसाठी नव्हेच. बायकोसाठी घातले होते.

"बाईंना जाऊ देऊ नकोस," त्या विक्रेतीला म्हणाल्या आणि कोठीत शिरल्या.

टिपटॉप स्टुलावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. वहिनींनी पिशवीतून विणायची गोल सुई काढली, चिठ्ठ्या कापायची कात्री उचलली आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "मान वर करा."

कात्री पाहून टिपटॉपचे डोळे मोठे झाले. विणकामाला कात्री लावायची नसते, एक टाका तुटला की सगळं उसवत जातं, हे एकतीस वर्षं तेच लोकांना सांगत आले होते.

"मीच विणलंय, मला कळतं कुठे कापायचं," वहिनी म्हणाल्या. "हलू नका."

जिथे गळा अंगाला जोडला होता तिथले सगळे टाके त्यांनी एकेक करून सुईवर उचलून घेतले. मग त्याच्या वरच्या ओळीतला एकच टाका कापला आणि धागा ओढत नेला, मानेभोवती गोल, सावकाश. त्यांचे हात कामात होते म्हणूनच बहुधा तोंडातून निघालं.

"तुम्ही त्या दिवशी काउंटर मागितला होतात. मी खोटं सांगितलं."

टिपटॉपनी पापण्या मिटून उघडल्या. ठाऊक आहे, असं.

"आणि लेकीला पण मी माझंच सांगते. तुमच्याकडे न बघता." धागा अर्ध्यावर आला होता. "त्या दिवशी इस्पितळात मी बाहेर गेले ना, ती तुमच्या आवाजाला घाबरून नाही गेले. म्हणजे घाबरलेच. पण मला वाटलं, मी रडले तर तुम्ही पुन्हा बोलणार नाही. म्हणून बाहेर गेले. आणि तरीही तुम्ही बोलला नाहीत ते नाहीतच."

गळा अख्खा सुटून त्यांच्या हातात आला, तळ नसलेल्या पिशवीसारखा. वहिनींनी तो बाजूला टाकला आणि राहिलेले टाके सैल हाताने बंद केले. कितीतरी दिवसांनी टिपटॉपच्या मानेला हवा लागली. कातडी फिकट पडली होती. पेनाची फुली केव्हाच धुऊन गेली होती, पण त्या जागी भुंगा टेकून टेकून बारीकसा गोल वळ उठला होता. किती दिवस सराव करत होते कोण जाणे.

टिपटॉपनी शेजारच्या ढिगातून करड्या सुती कापडाचा स्कार्फ निवडला. त्रिकोणी घडी घातली. टोक पुढे सैल सोडलं, ते बरोबर भोकावर पडद्यासारखं आलं. गाठ मागे घट्ट मारली. हनुवटीखालची जागा मोकळी राहिली. वहिनी बघतच राहिल्या. त्यांना सात स्वेटर विणून जे जमलं नव्हतं ते यांनी हातभर कापडात केलं होतं, आणि वर दिसतही होते चांगले.

मग टिपटॉपनी भुंगा टेकवला. वहिनींनी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले आणि जागच्या हलल्या नाहीत.

"बटणं," भुंगा म्हणाला. "चुकलीत. सकाळपासून."

वहिनींनी खाली पाहिलं. अंगातल्या स्वेटरची बटणं एकेक काज वर चढली होती, एक कड लोंबत होती आणि दुसरी गळ्याशी आखडली होती. अशाच त्या बसने आल्या होत्या. अशाच मालकीणबाईंना भेटल्या होत्या. दिवसभरात एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. वहिनी हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे भरून आले ते त्यांनी पुसले नाहीत. या वेळी बाहेरही गेल्या नाहीत.

टिपटॉप उठले, कोटाच्या बाह्या झटकल्या आणि दार उघडून दुकानात गेले. वहिनी मागोमाग गेल्या, पण चार पावलं अंतर ठेवून.

तिकीट खिडकीवरच्या बाई अजून आरशापुढेच होत्या. "मला हे सोडवत नाहीये," त्या म्हणत होत्या, "पण उबेचं काय ते कळल्याशिवाय घेणार कशी?"

टिपटॉपनी भुंगा हनुवटीखाली धरला. "थंडी पुढून येत नाही, बाई. थंडी मागून येते."

आवाज दुकानभर गेला. एका गृहस्थांनी मान वळवली. कडेवरचं एक पोर हसलं आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं. वहिनींना जे जे दिसलं होतं ते सगळं झालं. आणि टिपटॉप बोलत राहिले. मनगट, घोटे, मानेची मागची बाजू. बाईंनी कॉलरला मागून हात लावून पाहिला. "हो की," त्या म्हणाल्या. मग सावकाश म्हणाल्या, "आणि तुमचा तो स्कार्फ कसा बांधलाय? मला तसाच बांधून द्या." टिपटॉपनी भुंगा काउंटरवर ठेवला, कारण या कामाला दोन्ही हात लागतात.

आवाज ऐकून मालकीणबाई जिना उतरून आल्या. त्यांनी टिपटॉपना पाहिलं, मोकळा गळा पाहिला, काउंटरवरचं यंत्र पाहिलं. टिपटॉपनी ते उचललं आणि त्यांच्याकडे वळून कोठीतलं त्या दिवशीचंच वाक्य बोलले. मालकीणबाईंना त्या आवाजाची सवय नव्हती. त्यांनी नेहमीसारखं वहिनींकडे पाहिलं.

"वहिनी, काय म्हणतायत हे?"

वहिनींना शब्दन् शब्द कळला होता. ओठांवरून कळला होता आणि कानांनीही कळला होता.

"त्यांनाच विचारा," त्या म्हणाल्या.

मालकीणबाई जरा गोंधळल्या. मग दोन पावलं पुढे झाल्या आणि टिपटॉपच्या समोर उभं राहून त्यांनी विचारलं. वहिनींनी तिकडे पाठ केली, आरसा गाठला आणि सगळी बटणं सोडून, खालच्या बटणापासून, एकेक नीट लावू लागल्या.